मित्राचं सुतक

भावकीत कुणी गेलं की पुढे काय करायचं, हे आमच्या रेणापुरात कुणाला विचारावं लागत नाही. दहा दिवस सुतक. देवपूजा बंद, घरात गोडधोड नाही, रेणुकामातेच्या देवळाची पायरी चढायची नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला नदीवर पिंड, तेराव्याला जेवण. बांधावरून वीस वर्षं बोलणं बंद असलेला चुलता गेला तरी त्याचं सुतक लागतं. रक्ताचं नातं असलं की शोकाला वेळापत्रक मिळतं.

मित्र गेला तर काही लागत नाही. कंपनीच्या रजेच्या अर्जातही 'कुटुंबातील सदस्याचं निधन' एवढाच पर्याय असतो. माझा मित्र आल्प्समध्ये स्कीइंग करताना हिमस्खलनात गेला. शुक्रवारी रात्री कळलं. सोमवारी सकाळी दहाच्या स्टँडअपला काल काय केलं, आज काय करणार, हे मी सांगत होतो.

अकरावी-बारावीची दोन वर्षं आम्ही लातूरला एका खोलीत काढली. तेव्हा लातुरात पाणी नव्हतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं, ती 'जलदूत' गाडी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. घागरी मोजून आंघोळ करणाऱ्या शहरातला पोरगा पुढे गोठलेल्या पाण्याच्या डोंगराखाली सापडून मरतो, हे गावात कुणाच्या डोक्यात बसेना. म्हणून गावाने एक सोपं वाक्य तयार केलं: ''बर्फावर घसरगुंडी खेळायला गेलता अन् मेला.'' पुढचं वाक्य कुणी बोलत नव्हतं, पण ऐकू यायचं: काय गरज होती?

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, बॅकएंडचा कोड लिहितो. पण मित्राच्या वाट्याला नेमकं कोणतं काम येतं, हा प्रश्न डोक्यातून जाईना. धर्माने वेळापत्रक दिलेलं नाही, कंपनीने रजा दिलेली नाही. मग ज्यांचे मित्र कड्यावर आणि बर्फात गेले, त्या माणसांनी काय केलं, ते वाचत बसलो.

सिंहगडाचं नाव

सुरुवात दूर जाऊन करायची गरज नाही. मराठीतली मित्राच्या मृत्यूची सगळ्यात मोठी गोष्ट एका कड्यावरच घडते. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कोंढाण्याचा कडा, वर उदयभान राठोड आणि खालून दोराने चढणारा तानाजी मालुसरे. गड हाती आला, तानाजी पडला. 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य आपण चौथीत शिकतो आणि किल्ल्याला सिंहगड हे नाव त्यावरूनच पडलं, असंही शिकतो.

कागदपत्रं वेगळं सांगतात. सिंहगड हे नाव १६६३ च्या पत्रात आहे, म्हणजे तानाजी पडायच्या सात वर्षं आधी. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत महाराजांच्या तोंडी सिंह नाहीच. तिथे एक गड मिळाला आणि एक गड गेला, अशा अर्थाचं वाक्य आहे. तानाजीला सिंह नंतरच्या लोकांनी केलं.

इतिहासाचे शौकीन हे 'मिथबस्टर' म्हणून शेअर करतात. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. नाव आधीपासून होतं, तरी लोकांनी ते ओढून तानाजीला दिलं. गेलेल्या माणसासाठी एक जागा हवी होती आणि लोकांनी तयार असलेलाच गड त्याच्या नावावर केला.

दुसरी जागा मढेघाट. तानाजीचा देह राजगडाच्या बाजूने कोकणात, पोलादपूरजवळच्या उमरठ या त्याच्या गावी नेला, तो याच वाटेने. म्हणून हा मढे नेण्याचा घाट, असं सांगतात. आज पावसाळ्यात पुण्यातली आयटीतली अर्धी पोरं तिथल्या धबधब्याखाली फोटो काढतात. त्यातल्या किती जणांना नावाचा अर्थ कळतो, माहीत नाही. नाव मात्र टिकलं. देह ज्या वाटेने गेला, ती वाट लोकांनी साडेतीनशे वर्षं तोंडात ठेवली.

ओडेलने काय पाहिलं

१९२४ ची एव्हरेस्ट मोहीम. जॉर्ज मॅलरी सगळ्यांना माहीत असतो. त्याच्याबरोबर गेलेला अँड्र्यू आयर्विन फक्त २२ वर्षांचा होता, ऑक्सफर्डचा विद्यार्थी. त्याला मोठ्या डोंगरांचा अनुभव जवळपास नव्हता, पण यंत्रांमध्ये त्याचा हात बसलेला होता. बिघडणारे ऑक्सिजनचे संच तोच दुरुस्त करायचा. मोहिमेआधीच्या हिवाळ्यात तो स्वित्झर्लंडमध्ये म्युरनला स्कीइंग शिकला. शिकवणारा होता अर्नोल्ड लन, ज्याने त्याच गावात १९२२ मध्ये आधुनिक स्लॅलम शर्यत सुरू केली.

आयर्विनचा मित्र होता भूगर्भशास्त्रज्ञ नोएल ओडेल. दोघे १९२३ मध्ये स्पिट्सबर्गेनच्या बर्फात एकत्र फिरले होते. आयर्विनला एव्हरेस्टच्या तुकडीत घ्या, ही शिफारस ओडेलचीच.

८ जून १९२४, दुपारी १२:५०. ओडेल खालच्या उतारावर एकटा होता. ढग फाटले. वरच्या धारेवर एक काळा ठिपका सरकताना दिसला, त्यामागे दुसरा. ढग पुन्हा मिटले. त्या दोघांना जिवंत पाहणारा तो शेवटचा माणूस.

नंतर तो सहाव्या कॅम्पपर्यंत पुन्हा चढला. १० जूनला तिथला तंबू त्याला होता तसाच मिळाला. त्याने आतल्या दोन स्लीपिंग बॅग ओढून बाहेर काढल्या आणि बर्फावर इंग्रजी टी अक्षरासारख्या मांडल्या. खालून पाहणाऱ्यांसाठी ठरलेली खूण होती ती: काही सापडलं नाही. आणखी खाली, नॉर्थ कोलवर, घोंगड्यांचा क्रॉस मांडला गेला: आशा संपली. फोन नव्हता, वायरलेस नव्हता. मित्र गेल्याची बातमी त्याच्याच अंथरुणाने लिहावी लागली.

पुढे आयुष्यभर लोक ओडेलला एकच प्रश्न विचारत राहिले: ते ठिपके नेमके कोणत्या पायरीवर होते? म्हणजे ते शिखरावर पोचले असतील का? त्याचं उत्तर काळाप्रमाणे थोडं बदललं. पण पाहिलं होतं, यावर तो ठाम राहिला. १९३६ मध्ये बिल टिलमनबरोबर तो आपल्या नंदादेवीच्या ७,८१६ मीटर उंच शिखरावर पोचला. १९८७ मध्ये, ९६ व्या वर्षी गेला, तेव्हाही आयर्विनचा पत्ता नव्हता.

सप्टेंबर २०२४ मध्ये एव्हरेस्टखालच्या हिमनदीवर एक जुना बूट सापडला. आत पाऊल होतं. मोज्यावर लाल दोऱ्याने शिवलेलं नाव: ए. सी. आयर्विन. डीएनए चाचणीने नंतर खात्री झाली. शंभर वर्षं लागली.

ओडेलचं वाचताना मला मित्राचं काम पहिल्यांदा नीट दिसलं. घरच्यांनी काय गमावलं, ते घरच्यांना माहीत असतं. पण तो माणूस तिथे काय करत होता, त्याला ते का आवडत होतं, शेवटचा कुठे दिसला, हे मित्राला माहीत असतं. मित्र हा साक्षीदार असतो.

पाच महिने

मॅलरीचा देह आयर्विनच्या २५ वर्षं आधी मिळाला. १ मे १९९९ रोजी कॉनरॅड अँकर या अमेरिकन गिर्यारोहकाला तो एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला दिसला. दुसऱ्या कुणाचा तरी हरवलेला मित्र त्याने शोधून दिला होता.

पाचच महिन्यांनी, ५ ऑक्टोबरला, अँकर तिबेटमधल्या ८,०२७ मीटर उंच शिशापांग्माच्या पायथ्याशी होता. आठ हजारी शिखरावरून स्की लावून उतरायचं, अशी ती मोहीम. बरोबर त्याचा जिवलग मित्र ॲलेक्स लो आणि कॅमेरामन डेव्हिड ब्रिजेस. खूप वर, उतारावर बर्फाची एक रेघ तुटताना दिसली. तिघे पळाले. अँकर एका बाजूला, ते दोघे दुसऱ्या. लोट थांबला तेव्हा अँकर रक्तबंबाळ होता, पण जिवंत. शोध घेतला, काहीच मिळालं नाही.

लोच्या मागे पत्नी जेनी आणि तीन लहान मुलं होती. अँकर त्यांच्या घरी जात राहिला. २००१ मध्ये त्याने आणि जेनीने लग्न केलं, मुलं त्याने वाढवली. थोरल्या मॅक्सने मोठेपणी यावर 'टॉर्न' नावाचा माहितीपट केला. तो २०२१ मध्ये आला. जमल्यास बघा, कारण त्यात कुणी कुणाला चांगलं ठरवायची घाई करत नाही.

२००३ पासून लोच्या नावाच्या संस्थेने नेपाळमध्ये खुंबूत शेर्पांना सुरक्षित गिर्यारोहण शिकवणारी शाळा चालवली. इतरांची ओझी वाहताना सगळ्यात जास्त धोका जे पत्करतात, त्यांना दोर, गाठी आणि बर्फाचं शास्त्र शिकवायचं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये शिशापांग्माची हिमनदी वितळून दोन देह वर आले. ते पाहिले उली श्टेक आणि डेव्हिड ग्यॉटलर यांनी. कपड्यांच्या रंगांवरून अँकरने ओळखलं. पुढच्याच एप्रिलमध्ये श्टेक स्वतः एव्हरेस्टशेजारच्या नुप्त्सेवर पडून गेला. या जगात शोधणारा आणि हरवणारा यांच्यात फारसं अंतर नसतं.

पापुद्रा

आता बर्फाकडे येऊ. रेणापूरच्या माणसाने पाहिलेला बर्फ म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. काढणीला आलेली पिकं झोपली आणि शेतं पांढरी झाली. आमच्यासाठी बर्फ म्हणजे नुकसान. माझ्या मित्राला त्यात काय दिसत होतं, ते सांगणं अवघड होतं.

त्याच्याबरोबर त्या दिवशी आणखी दोघे होते, ऑफिसातलेच. त्यांनी घडलेलं सगळं इंग्रजीत लिहून मला पाठवलं, मिनिटामिनिटाचं. आमच्या धंद्यात सर्व्हर बसला की 'पोस्टमॉर्टेम' लिहितात: काय झालं, कधी झालं, कसं कळलं. त्यात कुणाला दोष द्यायचा नसतो. गिर्यारोहकांची ही पद्धत आमच्याहून जुनी आहे. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचे अहवाल छापतो. मी त्या दोघांचा अहवाल मराठीत करायला घेतला, त्याच्या वडिलांसाठी.

मराठीत शब्द नव्हते, म्हणून घरातले घेतले. बर्फ एकसंध नसतो, थराथरांनी साचतो. मधला एखादा थर जाड साखरेसारखा सुटा दाणेदार असतो, त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर त्यावर माणसाचं वजन पडलं की खालचे दाणे ढासळतात आणि वरचा थर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटतो. माणूस त्या पापुद्र्यावरच उभा असतो. वाहताना बर्फ पिठासारखा असतो. थांबला की सिमेंटसारखा आवळतो, बोटही हलवता येत नाही. बहुतेक लोक थंडीने मरत नाहीत. श्वास कोंडून मरतात.

स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून १९९४ मध्ये एक आलेख प्रसिद्ध झाला. पुरलेल्या माणसाला १५ मिनिटांत बाहेर काढलं, तर तो जगण्याची शक्यता ९२ टक्के. ३५ मिनिटं झाली की ३० टक्के. मधल्या वीस मिनिटांत आलेख कड्यावरून पडावा तसा पडतो. इतक्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, पोलीस येत नाहीत. तिथे उभा असलेला मित्रच येतो. म्हणून असे लोक छातीवर एक छोटं यंत्र बांधतात. १९६८ मध्ये अमेरिकेत जॉन लॉटन यांनी त्याचं पहिलं रूप बनवलं, नाव ठेवलं 'स्काडी', नॉर्स पुराणातल्या हिवाळ्याच्या देवीचं. आज जगभरची ही यंत्रं ४५७ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारितेवर बोलतात. चालताना प्रत्येकाचं यंत्र 'मी इथे आहे' म्हणत असतं. कुणी पुरला गेला की बाकीचे आपापलं यंत्र ऐकण्यावर टाकतात. मग लांब काठीने टोचून बघायचं आणि फावड्याने खणायचं.

त्या दोघांनी हे सगळं केलं. सिग्नल लवकर मिळाला. तो दीड मीटर खाली होता. वरचा बर्फ काढायला वेळ लागला.

वडिलांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ''लई खांदलं म्हणायचं त्या पोरांनी.'' घसरगुंडीचं वाक्य त्या घरात तरी पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

दुष्काळी गावं आणि बर्फ

कोरड्या गावातून बर्फात गेलेला माझा मित्र काही पहिला नाही. महाराष्ट्राची दुष्काळी गावं पिढ्यानपिढ्या बर्फात माणसं पाठवत आली आहेत, फक्त हौसेसाठी नव्हे.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवरच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली. १९ हजार फुटांहून जास्त उंची. दहा जवान गाडले गेले. त्यात साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते, नर्सिंग असिस्टंट. माण म्हणजे टँकर आणि चारा छावण्यांचा तालुका. सोबत्यांनी त्या उंचीवर दिवसरात्र बर्फ कापला. डॉट आणि मिशा हे दोन कुत्रे वास काढत होते. सहाव्या दिवशी पंचवीस-तीस फूट खाली लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले आणि देश थक्क झाला. ११ फेब्रुवारीला ते दिल्लीत गेले. बाकीच्या नऊ जणांचे देह सोबत्यांनी बर्फातून बाहेर काढून घरी पाठवले.

आपल्या देशात हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था १९६९ पासून आहे. मनालीतली 'सासे', जी २०२० मध्ये डीआरडीओच्या नव्या संस्थेत मिळवली गेली. तिचं मुख्य काम सैन्यासाठी. हौशी लोकांचं स्कीइंग गुलमर्गला १९२७ पासून चालू आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथे स्की क्लब काढला. आता आपल्याकडची पोरं इन्स्टावर रील बघून तिथे जातात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवटवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन गेला. जाणाऱ्याला जाऊ नको म्हणणं मला जमणार नाही. यंत्र, काठी, फावडं आणि ते वापरता येणारा मित्र सोबत असू द्या, एवढंच सांगेन.

सह्याद्रीत बर्फ नाही, पण कडे आहेत. १८ जानेवारी २०२० रोजी ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या मोहिमेत बेपत्ता झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह दरीत सापडला. ज्यांनी दोर कसा बांधायचा हे त्यांच्याकडून शिकलं, अशी एक पिढीच होती. त्यांनाही सुतक नव्हतं.

अशा वेळी सह्याद्रीत दरीत उतरतात ते बहुतेक पगारी लोक नसतात. लोणावळ्याचं एक पथक सगळ्या ट्रेकर्सना माहीत आहे. दुकान बंद करून, नोकरीवरून सुटून, रात्री-अपरात्री ही मंडळी कुणाच्याही पोराला शोधायला निघतात, जिवंत असो वा नसो. पथकाचं नाव आहे 'शिवदुर्ग मित्र'. बचाव दल, आपत्ती दल असं काहीही ठेवता आलं असतं. त्यांनी मित्र ठेवलं.

यादीतलं शेवटचं नाव

हे सगळं वाचून झाल्यावर मी पंचांगाकडे वळलो, जिथून खरं तर आधी सुरुवात करतात. पितृपक्षात, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, भाद्रपद वद्य चतुर्दशी असते. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. शस्त्राने, अपघाताने, अवेळी गेलेल्यांचा हा दिवस. बाकी सगळ्यांची तिथी वेगवेगळी, अपघातात गेलेल्यांना मात्र एक सामाईक दिवस. आपल्या पूर्वजांना अपघात नवीन नव्हते.

महालयाच्या तर्पणात नावांची मोठी यादी असते. वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, मग चुलते, मामा, आत्या, सासरे. फार पुढे, बहुतेक लोक कंटाळून घड्याळ बघायला लागतात तेव्हा, गुरू येतो, शिष्य येतो आणि मित्र येतो. गेलेल्याचं गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, अशीही सोय आहे. म्हणजे ज्याने यादी केली त्याला दिसलं होतं की, कधीतरी असा एक माणूस नदीवर येईल, ज्याला गेलेल्याचं गोत्र माहीत नसेल. त्याचा लॅपटॉपचा पासवर्ड, चहातली साखर आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची भीती मात्र माहीत असेल.

सुतक दहा दिवसांत फिटतं. ओडेलचं ६३ वर्षं फिटलं नाही. अँकरने घर चालवलं आणि खुंबूच्या शाळेत शिकवलं. शिवदुर्गची माणसं अजून दरीत उतरतात. मित्राच्या वाट्याला येणारं काम मला आता कळतं: शोधायचं, आणि जे कळलं ते त्याच्या माणसांना त्यांच्या भाषेत नीट सांगायचं. त्या चतुर्दशीला रेणा नदीत पाणी असेल तर ओंजळभर द्यायचं. नसेल तर बाटलीतलं चालतं, असं गुरुजी म्हणाले.